तेहतिसावं नाव

१० मे, रविवार

ही डायरी गेल्या वर्षीची, विमा एजंटने दिलेली. निम्म्याहून जास्त कोरी राहिली म्हणून वार तेवढे खोडून वापरते आहे.

आज देवळात मंडळाची बैठक झाली. पुढच्या रविवारी अधिक महिना लागतो. मागच्या अधिकात मंडळाने तेहतीस सवाष्णींची ओटी भरली होती. यंदा कशाचं दान करायचं, यावर बराच वेळ गेला. कोणी दिवे म्हटलं, कोणी बत्तासे. तेव्हा यमुताईंची सून चिन्मयी उभी राहिली. ती शाळेत शिकवते आणि उन्हाळ्यात मुलांची शिबिरं घेते. पारशिवनीच्या पुढे तिच्या मामांची आमराई आहे, तिथे. चार दिवस तंबूत राहायचं, नदीवर जायचं, झाडं ओळखायची. कॉलनीतली मुलं फी भरून जातात. ती म्हणाली, या वेळी नाल्यापलीकडच्या वस्तीतली मुलं मंडळाने न्यावीत.

यमुताई आमच्या अध्यक्ष. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "तेहतीस मुलं. एक कमी नाही, एक जास्त नाही." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. चिन्मयीचं म्हणणं होतं दिवाळीच्या सुट्टीत न्यावं, तेव्हा ऊन नसतं. पण दिवाळीत अधिक नसतो. शेवटी नवतपाचे नऊ कडक उन्हाचे दिवस उलटल्यावर, पाच जून ते आठ जून ठरलं.

खर्च आणि नावं माझ्याकडे दिली. मी मॅट्रिकच, पण मंडळाचा पैसा माझ्या हातून कधी चुकला नाही, असं यमुताई सगळ्यांदेखत बोलल्या.

घरी सांगितलं तर हे म्हणतात, "तेहतीस पोट्टे दान करून राहिल्या का वं? अन परत आणणार की तिकडेच सोडणार?" म्हटलं, अधिकात थट्टा करू नये. तर म्हणे, "अजून लागला नाही नं."

१२ मे, मंगळवार

चिन्मयीबरोबर वस्तीत जाऊन आले. पत्रकं छापण्यात पैसे घालवू दिले नाहीत. घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या होत्या, त्यांच्या कोऱ्या बाजूवर तिने हाताने लिहिलं. अक्षर चांगलं आहे.

दारं बहुतेक पोरींनीच उघडली. प्रत्येकीच्या कडेवर एकेक लेकरू. आई कुठे म्हटलं की, "कामाले गेली." ज्या दोन-चार बायका भेटल्या त्या म्हणाल्या, विचारून सांगतो. कोणाला विचारणार ते काही बोलल्या नाहीत. रंभाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिचा शब्द वस्तीत चालतो असं ऐकलं. ती नुसती पत्रिका उलटीसुलटी करून पाहत होती.

शनिवारी अकराला देवळात पालकसभा ठेवली आहे. सकाळी आरती असते, दुपारी पोथी, तेव्हा अकराचीच वेळ मोकळी सापडली. जे सभेला येणार नाहीत त्यांचं नाव घ्यायचं नाही, हा नियम मीच सुचवला. आई-बापाला थोडी तरी आस्था पाहिजे.

परत आल्यावर कामिनीशी बोलून घेतलं. आमच्याकडे भांडी-फरशीला ती आहे, पाच वर्षं झाली. लेक हर्षा आणि जावई सात जूनला पुण्याहून धोंड्याच्या जेवणाला येतात. तीन वर्षांतून एकदा जावयाचा मान, कमी पडायला नको. तिला म्हटलं, त्या दिवसांत पोरीला हाताखाली घेऊन येजो. तशीही तिची वैभवी उन्हाळाभर आमच्या गच्चीवर कुरोड्या-पापड राखायला येतेच, धाकट्या पिंटूला घेऊन.

"हाव काकू, घेऊन येतो," म्हणाली. कामिनीचं एक बरं आहे, शब्द दिला की दिला.

१६ मे, शनिवार

आज सभा. कामिनी भांडी घासत होती. तिला जाताना दार ओढून घ्यायला सांगितलं आणि निघाले.

देवळात आम्ही सात-आठ जणी, सतरंजी, माठ, लिंबाचं सरबत. बारा वाजले तरी एकही आई आली नाही. एक आजोबा आले, पण ते सावलीला बसायला आले होते. यमुताई म्हणाल्या, "बघितलंत? आपणच आपले जीव टाकतोय."

चिन्मयी दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. एकदम मला म्हणाली, "काकू, या बायका आत्ता कुठे असतील हो?"

मी म्हटलं, मला काय माहीत बाई.

सरबत आम्हीच संपवलं. घरी आले तर भांडी पालथी घातलेली, फरशी वाळलेली, दार नीट ओढलेलं.

१७ मे, रविवार

अधिक लागला. पहाटे अंघोळ, तुळशीपाशी दिवा, आजपासून कांदा-लसूण बंद. हे गच्चीवर जाऊन कांदा खातात. मला वास येतो. बोलत नाही.

नियम सैल करावा लागला. यादीत सहा नावं आहेत. सहाही मुलगे.

२० मे, बुधवार

दुपारी गच्चीवर गेले तर वैभवीने माझी जुनी साडी दोन खाटांच्या मध्ये बांधलेली, आत पिंटू बसलेला. ती त्याला सांगत होती, "हा आपला तंबू. इथून नदी दिसते. बोलू नोको, पाखरं उडतात." पोरगी बारा वर्षांची, पण अशा खेळात अजून रमते.

साडीची सावली बरोबर कुरोड्यांवर पडत होती. रागावले. तिने लगेच गाठ सोडली, घडी करून दिली.

"तुले तंबूचं कोणी सांगितलं?"

"मॅडमनं पत्रिका देल्ली होती नं घरी. वाचली मी." फ्रॉकच्या खिशात होतीच घडी केलेली. "मागं कोणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण आहे काकू. थे बी वाचलं. पोरगी उमरेडची आहे."

वाचन चांगलं आहे तिचं. कुरोड्या अजून दोन दिवस घेतील. ऊन फार आहे, पण वाळवणाला पाहिजे तसं आहे.

२२ मे, शुक्रवार

रंभाबाई देवळाच्या ओट्यावर टेकली होती. पोथी सुटल्यावर मीच जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, आम्ही एवढं करून राहिलो, पोट्टे काहून येत नाहीत?"

"तुमची सभा कवा होती वं बाई?"

"शनिवारी, अकराला."

"अन अकराले आमच्या बाया कुठं राह्यतात?"

म्हटलं, कामाला गेल्या असतील.

"तुमच्याच घरी भांडे घासून राहिल्या होत्या नं वं! इकडं मालकीन देवळात वाट पाहून राहिली, तिकडं बाई तिचीच कढई खरडून राहिली." आणि दात नसलेल्या तोंडाने खूप हसली. मी हसले नाही. खरं सांगायचं तर ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

मग म्हणाली, "पोट्टे येतीन. ते काय, मोकळे सांड. पण पोरी कशा येतीन? शाळेले सुट्टी लागली का पोरीची ड्युटी लागते. लहाना कोणापाशी ठेवाचा चार दिवस? तुमच्यापाशी?"

म्हातारी फटकळ आहे. उठताना माझ्याच खांद्याला धरून उठली.

२३ मे, शनिवार

मंडळापुढे मी विषय काढला. पोथी ऐकायला आपण रोज दुपारी सभामंडपात बसतोच. शिबिराच्या चार दिवसांत वस्तीतली लहान मुलं तिथेच सांभाळली तर मोठ्या पोरी सुटतील. सकाळीही दोघी-दोघींनी पाळी लावायची. वेगळा खर्च काही नाही.

यमुताई म्हणाल्या, "अहो, देवळाचा सभामंडप आहे तो. घाण करतील मुलं."

मी म्हटलं, महिना पुरुषोत्तमाचा. म्हणजे कृष्णाचाच. तो काय रांगलाच नाही का? आणि फरशी पुसता येते.

"पुसणार कोण?"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "वच्छलाताईंच्या कामिनीला सांगू."

चिन्मयीला इतकं हसू आलं की ती उठून बाहेर गेली. तिला काय झालं, कळलं नाही. बाहेरून आली ती म्हणाली, पुसणाऱ्याची सोय मी शिबिराला जायच्या आधी लावून जाते. मग पाळ्या लागल्या. दोघी जणी म्हणाल्या आमच्या गुडघ्यांना जमणार नाही, पण पोथीला त्या मांडी घालून बसतात, ते मी पाहिलेलं आहे.

पुढची सभा वस्तीतच, रंभाबाईच्या ओट्यावर, संध्याकाळी कामं उरकल्यावर.

२७ मे, बुधवार

एकादशी. नवतपा सुरू झाला. गच्चीवर चप्पल घालून गेलं तरी तळवे भाजतात.

काल संध्याकाळची सभा चांगली झाली. बायका कामावरून तशाच आलेल्या, ओल्या पदरांच्या. चिन्मयीने सगळं नीट सांगितलं. पोरींचा तंबू वेगळा, त्यात ती स्वतः आणि आणखी एक बाई झोपणार, मोरी-संडास पक्का आहे, दुपारी उन्हात कोणाला काढणार नाही, नदीवर पहाटे आणि दिवस कलल्यावर. एक बाप म्हणाला, पोरीच्या जातीला कायले नदी? रंभाबाई त्याला म्हणाली, "तू लहान होता तं नाल्यात डुंबत होता, मीच कान धरून काढला तुले." तो गेला निघून आणि सकाळी पोरीचं नाव देऊन गेला.

सोबत आणायच्या सामानाची चिन्मयीची यादी मी आधीच कापली होती. बूट, टॉर्च, टोपी, पाठीवरची पिशवी, सगळं काढलं. चपला चालतील, कापडी पिशवी चालेल. टोपीच्या जागी जुन्या चादरी फाडून दुपट्टे शिवून देते आहे. सामान कमी झाल्यावर नावं आपोआप वाढली. कापडही वाया गेलं नाही.

कांद्यावरून थोडं झालं. बायका म्हणाल्या, लू लागते, पोट्ट्याच्या खिशात कांदा पाहिजे. यमुताई म्हणाल्या, अधिकातलं अन्न आहे, प्रसादाचं, तिथे कांदा येणार नाही. दोन्हीकडचे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, कांदा खिशात चालेल, कढईत नाही. हे मान्य झालं.

३१ मे, रविवार

अधिकातली पौर्णिमा. दीपदान केलं.

नावं बत्तीस झाली. त्यात मुली सतरा. तेहतिसावं लवकर मिळेना, तेव्हा यमुताई म्हणाल्या, आमच्या अर्णवचं लिहा. तो त्यांच्या मुलीचा मुलगा, सुट्टीला आलेला, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं. "तेवढीच संख्या पुरी होईल, आणि कार्टं जरा घराबाहेर पडेल." लिहिलं. यादीखाली रेघ ओढली.

जेवताना यांना सांगितलं, तेहतीस झाले. हे म्हणाले, "आपल्या गच्चीवरची पोट्टी काहून नाही त्यात?"

"तिचं नाव कोणी दिलंच नाही."

"तू मागितलं का?"

म्हटलं, नाव द्यायचं असतं, मागायचं नसतं. यादी सगळ्यांसाठी उघडी होती.

"हाव," म्हणाले आणि गच्चीवर गेले. कांदा खायलाच.

२ जून, मंगळवार

अनारसे घातले. जावयाला तेहतीस द्यायचे, वर थोडे घरात, थोडे देवाला. कामिनी दोन घरं करून पीठ मळायला आली. वैभवी वर मूगवड्या उलटत होती आणि पिंटूला पाखरांची नावं पाठ करून घेत होती. एकही बरोबर नसावं.

सहज कामिनीला विचारलं, "तुझ्या पोरीचं नाव काहून नाही दिलं वं शिबिराले?"

तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "काकू, नावं तं तुमीच लिहून राहिल्या होत्या. तारीख बी तुमालेच ठाऊक होती. मी तुमाले शब्द देल्ला नं, सात तारखेले घेऊन येतो म्हणून."

"तिनं काही म्हटलं का घरी?"

"ते काय म्हणन. समजदार आहे."

पीठ सैल झालं होतं. पहिले चार अनारसे तुपात विरघळले. ते मोजणीत धरले नाहीत.

५ जून, शुक्रवार

सकाळी बस सुटली. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण मंडळात याच्यावर बोलणं होणार.

मुलं वेळेआधीच आली होती. केस ओले करून विंचरलेले, गळ्यात माझे दुपट्टे, खिशात कांदे. अर्णवजवळ त्याच्याएवढी पिशवी. यमुताईंनी नारळ फोडला आणि एकेका मुलाला कुंकू लावत मोजत गेल्या. मी यादी धरून शेजारी. तेहतीस बरोबर.

देवळाच्या नळाजवळ वैभवी उभी होती, पिंटूला कडेवर घेऊन. दोन वेण्या, लाल रिबिनी. आमच्याकडेच यायला निघाली होती, वाटेत थांबली. चिन्मयी बसच्या दारातून तिला म्हणाली, "तू नाही का गं येत?"

"नाही मॅडम. आमच्याकडे जावई येऊन राहिले."

आमच्याकडे, असं म्हणाली. अगदी मोठ्या बाईसारखं. चिन्मयीने तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी गेले आणि पिंटूला तिच्या कडेवरून खाली उतरवून त्याचं बोट धरलं. तिला म्हटलं, "चढ."

ती म्हणाली, "काकू, कपडे नाही आणले."

चिन्मयी म्हणाली, माझ्याजवळ आहेत. पण आईला विचारल्याशिवाय मी नेणार नाही. ते बरोबरच. मी कामिनीला फोन लावला. ती कोणाच्या तरी घरी होती, नळाचा आवाज येत होता. सांगितलं तर पहिलं म्हणाली, "अन धोंडे कोण वळन?"

"मी वळीन. लग्न झाल्यापासून मीच वळून राहिली."

नळ बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "जाऊ द्या मंग तिले."

फोन वैभवीच्या कानाला लावायला गेले, तर ती चढलीसुद्धा होती. खिडकीची जागा धरली. मागे वळून पाहिलं नाही. पिंटू बस सुटेपर्यंत गप्प होता, सुटल्यावर त्याने गल्ली डोक्यावर घेतली.

यमुताईंच्या हातात कुंकवाची वाटी तशीच होती. "वच्छलाताई, हे काय केलंत? चौतीस झाले. अधिकाचं सगळं वाया गेलं."

मी म्हटलं, "अर्णव तुमचा नातू. घरच्याला दिलं त्याला दान म्हणत नाहीत, तो घरखर्च. तो धरायचा नाही. बाकी मोजा, तेहतीसच आहेत."

त्यांनी वाटी ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "हिशेबात तुम्ही हुशारच." ते कौतुकाने म्हणाल्या नाहीत, एवढं मला कळतं. आरतीचं ताट घेऊन आत गेल्या आणि मला तीर्थ द्यायचं विसरल्या.

मी हे का केलं, असं यांनी विचारलं. म्हटलं, कुरोड्या वाळल्या, वड्या वाळल्या, पोरगी रिकामीच बसली असती. पिंटूचं नाव सभामंडपाच्या यादीत नव्हतं म्हणून त्याला घरी आणलं. तो यांच्या स्कूटरवर बसून आहे. स्कूटर बंद आहे, पण तोंडाने दोघेही आवाज काढतात.

एक विचार येऊन गेला. घरच्याला दिलेलं दान नाही, तर जावयाला देतो ते कशात धरायचं? पण जावई म्हणजे दुसऱ्या घरचा. ते ठीक आहे.

७ जून, रविवार

धोंड्याचं जेवण झालं. पुरण थोडं लागलं. वैभवी असती तर ढवळत राहिली असती. कामिनीला आज आमच्याशिवाय तीन घरी धोंडे, तिची ओढाताण झाली. हर्षाने भांडी घासली आणि सुशीलराव पुसायला उभे राहिले. ज्या दिवशी जावयाची पूजा करायची त्या दिवशी त्याच्या हातात फडकं, हे बरं दिसलं नाही. मी दोनदा सांगितलं, ऐकलं नाही.

ओवाळायच्या वेळी पिंटू जाऊन पाटावर त्यांच्याशेजारी बसला. उठवलं तर रडायला लागला. सुशीलराव म्हणाले, "आई, ओवाळा दोघांना. पुढचा जावई आत्तापासून धरून ठेवा." हे मोठ्याने हसले. हर्षा म्हणाली, आई, तुझं तोंड बघ. मी दोघांनाही कुंकू लावलं. पिंटूने पुसून टाकलं.

दुपारी चिन्मयीचा निरोप आला, सगळी मुलं खुशाल आहेत. वैभवीचं वेगळं काही लिहिलं नव्हतं. कामिनीला दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

यमुताई काल पोथीला आल्या, माझ्याशेजारी बसल्या नाहीत. पुढच्या रांगेत बसल्या. तिथे पंखा लागत नाही.

९ जून, मंगळवार

बस काल दिवेलागणीला परत आली. मुलं सगळी एकदम बोलत होती. कोणाला बेडूक सापडला, कोणी नदीत चप्पल घालवली. अर्णवची मोठी पिशवी पहिल्याच दिवशी भिजली म्हणे. मग तो चारही दिवस दुसऱ्या पोराचा दुपट्टा बांधून फिरला आणि आता ते पोरगं घरी न्यायचं म्हणतो. दुपट्टे सत्तावीसच परत आले.

वैभवी आज सकाळी कामिनीबरोबर आली. तोंड उन्हाने काळवंडलं आहे, नाकाची साल गेली. तिला अनारसा दिला आणि विचारलं, काय काय पाहिलं?

"नदी."

"अजून?"

"आंबे. एक साप. मॅडम म्हणे काही करत नाही."

"आवडलं काय सगळ्यात?"

तिने अनारसा संपवला, बोटं चाटली. मग म्हणाली, "दुपारी झोपली मी. झाडाखाली. कोणी उठवलं नाही. अन काकू, तिथं मले कोणाले उचला नाही लागलं."

मला वाटलं अजून काही सांगेल. पण तेवढंच. बैठका, पाळ्या, दुपट्टे, बसभाडं, आणि पोरगी जाऊन झोपून आली. चिन्मयीला हे कसं सांगावं, कळेना. यमुताईंना तर नकोच.

पिंटू तिला पाहून धावत आला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. तिने हात मागे बांधले. रागाने नाही, नुसते बांधले, आणि शेजारच्या निंबाकडे पाहत राहिली. कामिनी मोरीतून ओरडली, "घे नं वं त्याले!" पोरगी हलली नाही. पिंटू रडायच्या बेतात आला, मग माझ्याकडे वळला, हात तसेच वर.

मीच उचललं. पोरगा जड आहे.